काविळीची माळ आणि यकृतावरचे व्रण

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत काविळीचं औषध देणारं एखादं घर पंचक्रोशीत असायचंच. औषध पिढीजात, वार ठरलेले, आणि रोग्यानं यायचं ते अनशापोटी, दिवस वर चढायच्या आत. पैसे घ्यायचे नाहीत असा त्या घरांचा दंडक होता. नारळ ठेवा, नाहीतर देवापुढं चार आणे. औषध म्हणजे कुठं माळ, कुठं चुना, कुठं नाकात थेंब आणि काही ठिकाणी डाग. मी कोल्हापुरात एका खाजगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून उभी हयात काढली. यकृताचे तुकडे कापले, रंगवले, काचेवर चढवले. त्यामुळं या रीतींकडं मी पुढं वेगळ्या नजरेनं पाहत गेले. पण ज्या माणसांनी त्या जपल्या त्यांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं, हे मी विसरत नाही.

माळेची रीत सगळ्यांत पसरलेली. पुनर्नव्यासारख्या एखाद्या वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, ते दोऱ्याच्या फासांत एकापुढं एक अडकवायचे आणि ती आखूड माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. दिवस जातील तशी माळ लांबते. कपाळावरून गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर, मग बेंबीखाली. होतं असं की काड्या वाळतात, बारीक होतात, फास सैल पडतात आणि त्यांत गुंतलेला दोरा मोकळा होतो. खुंटीला टांगली तरी ती तेवढीच वाढते. चुन्याच्या रीतीत रोग्याचे हात चोळून चुन्याच्या निवळीत धुवायचे. पाणी पिवळं होतं आणि कावीळ निघाल्याचं समोर दिसतं. आंब्याच्या सालीचा रस चुन्याला भेटला की तो पिवळा रंग येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले कार्यकर्ते हे दोन्ही प्रयोग लोकांना करून दाखवत आले आहेत. देवडांगरीच्या कडू फळाचं पाणी नाकात सोडलं की नाकातून पिवळं पाणी गळत राहतं. ते नाकाच्या आतल्या अस्तराला झालेल्या दाहाचं. डागाबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. मनगटावर तापल्या सळईचा डाग घेतलेली लहान पोरं प्रयोगशाळेच्या बाकावर बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या कावीळ झालेल्या यकृतापेक्षा ती जखम त्यांना जास्त दिवस छळायची.

जोडीला पथ्य. तेल-तूप बंद, हळद बंद, कारण पिवळ्यानं पिवळं वाढतं. उसाचा रस, खडीसाखर, मुळा, ताक-भात चालतो. गुऱ्हाळांच्या मुलखात उसाच्या रसाला काय तोटा! रसवंतीच्या गाड्यावर काविळीच्या माणसाचा पेला वेगळा ठेवलेला असायचा, त्यात बर्फ नसे.

१९८१ साली कोल्हापूर शहरात काविळीची साथ आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि आमच्या गल्लीत घराआड एक माणूस पिवळा झाला होता. मीही झाले. आत्तीनं मला पहाटेच्या एस.टी.नं नेऊन माळ घालून आणली. "पोरी, माळ घुडघ्याला लागली की समज उतरली. तोवर तेलाचं बोट लावायचं न्हाई," एवढंच ती म्हणाली. माळ लांबत गेली, डोळ्यांतलं पिवळं कमी होत गेलं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. त्या घरावर आत्तीची श्रद्धा शेवटपर्यंत राहिली. राहणारच.

त्याच साथीचा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला. त्यांचा निबंध १९८४ साली केंब्रिजहून निघणाऱ्या आरोग्यविषयक नियतकालिकात छापून आला. त्याच्या नावातच कोल्हापूर शहर आहे आणि साथ पाण्यातून पसरल्याचंही आहे. मला तो निबंध नोकरीला लागल्यानंतर पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाला. आपल्या गल्लीतला आजार असा छापलेला पाहून अंगावर काटा आला. ती कावीळ 'ए' विषाणूची नव्हती, 'बी'चीही नव्हती. तोवर तिला नाव नव्हतं. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९,००० माणसं पिवळी झाली होती. त्यांचं जपून ठेवलेलं रक्त १९८० च्या सुमारास पुन्हा तपासलं तेव्हा तिथंही तेच उत्तर आलं. १९९० साली या विषाणूची जनुकं हाती लागली आणि त्याला 'ई' म्हणू लागले. पुण्याच्या संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांच्या गटानं देशातल्या जुन्या साथींचं रक्त तपासलं. पाण्यातून येणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक साथी याच विषाणूच्या निघाल्या. २०१२ साली इचलकरंजीत कावीळ उसळली, माणसं दगावली, तीही पाण्यातूनच. पंचगंगेचं काय करून ठेवलंय हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

'ई' ची कावीळ बहुतेकांच्या अंगातून आपली आपण जाते. गरोदर बाईला मात्र ती जीवघेणी ठरते, आणि आधीच यकृत बिघडलेल्यांनाही. बाकीच्यांच्या यकृतातल्या पुष्कळ पेशी मरतात, पण ज्या बारीक जाळीवर त्या पेशी ओळीनं उभ्या असतात ती जाळी शाबूत राहते. ऊस तोडला तरी मुळं जाग्यावर असली की खोडवा जोमानं फुटतो, तसं उरलेल्या पेशींतून यकृत पुन्हा भरतं आणि मागं खूण ठेवत नाही. म्हणजे माळ ज्या रोगावर चालली, तो रोग महिना-दीड महिन्यात जाणाराच होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा नव्हता. आजार बरा होतच होता. त्या अनुभवातून एक समज मात्र इतका घट्ट बसला की पुढं त्यानं घात केला. पिवळं गेलं म्हणजे कावीळ गेली, आणि पिवळं दिसतच नसेल तर कावीळ नाहीच.

कारण दुसरी कावीळ रक्तातून येते आणि वर्षानुवर्षं रंग दाखवत नाही. लोक तिला पांढरी कावीळ म्हणू लागले ते फार नंतर.

माझ्या लहानपणी इंजेक्शनवाला डॉक्टर म्हणजे मोठा डॉक्टर. काचेची सिरिंज, जाड सुई, स्पिरिटच्या दिव्यावर ठेवलेला चपटा स्टीलचा डबा. बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना प्रत्येक सुई पुरेशी उकळायला वेळ कुणाला होता? यात्रेत गोंदणाऱ्या बायका एकाच सुयांनी मांडीला मांडी लावून बसलेल्या पोरींच्या हातांवर तुळस आणि नावं काढायच्या. न्हाव्याचा वस्तरा दगडावर फिरायचा आणि पुढच्या गालावर जायचा. जोतिबाच्या डोंगरावरून गोंदून आलेला हात आमच्या घरातही आहे. मी यातल्या कुणावर ठपका ठेवत नाही. बारूक ब्लूमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात 'बी' विषाणूचं, तेव्हा अनोळखी असलेलं, प्रथिन सापडलं आणि १९६५ साली त्यांनी ते जगापुढं मांडलं, पण हा रोग सुईतून असा चालतो हे आमच्या भागात फार थोड्यांना माहीत होतं. त्या शोधाचं नोबेल त्यांना १९७६ साली मिळालं. एक मोठी वाट तर आणखी जवळची, बाळंतपणात आईकडून बाळाला. तान्ह्या बाळाला 'बी' ची लागण झाली तर दहांतल्या नवांच्या अंगात तो विषाणू कायमचा मुक्काम करतो. मोठ्या माणसाच्या अंगातून बहुतेक वेळा निघून जातो. १९८२ साली 'कुली' च्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना दिलेल्या रक्तातून हाच विषाणू त्यांच्या अंगात गेला. ते कळलं कित्येक वर्षांनी, यकृताचा बराच भाग निकामी झाल्यावर. ते त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं, याचं मोल मला फार वाटतं. त्यानंतर आमच्या काउंटरवर माणसं न लाजता तपासणी मागू लागली.

माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, तसंच झालं. शिवजयंतीला तालमीच्या मंडळानं रक्तदान शिबिर घेतलं होतं. दादा दरवर्षी पहिल्या दहांत. २००४ साली रक्तपेढीकडून बोलावणं आलं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे 'बी' चं ते प्रथिन रक्तात होतं. दादा आयुष्यात कधी पिवळा झाला नव्हता. खुराक उत्तम, रोज पहाटे रंकाळ्याला चालायला. घरातल्यांनी आधी आत्तीचं ते माळेचंच घर सुचवलं, मग भुईआवळी.

भुईआवळीबद्दल नीट सांगितलं पाहिजे, कारण ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. आयुर्वेदात कामलेवर, म्हणजे काविळीवर, ती आहेच. मद्रासच्या डॉ. त्यागराजन यांनी ती 'बी' च्या वाहकांना दिली आणि १९८८ साली 'लॅन्सेट' मध्ये निकाल छापला. औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं ते प्रथिन गेलं, बिनऔषधाच्या २३ जणांत एकाचंच. लेखकांत स्वतः ब्लूमबर्ग होते. आमच्या प्रयोगशाळेत त्या निबंधाची झेरॉक्स प्रत हातोहात फिरली. आपल्या परड्यातल्या रोपानं जग जिंकलं असं आम्हाला वाटलं, आणि तसं वाटणं अगदी साहजिक होतं. पुढं इतर ठिकाणी तोच प्रयोग केला तेव्हा तसा निकाल आला नाही. दादानं भुईआवळी चार महिने घेतली, विषाणू जिथल्या तिथं राहिला.

मग बायोप्सी. सुईनं काढलेला यकृताचा तुकडा दीड-दोन सेंटिमीटर लांब, जाड दोऱ्याएवढा. सबंध यकृताचा साधारण पन्नास हजारावा हिस्सा. तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, अल्कोहोलच्या पायऱ्यांतून पाणी काढायचं, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनची रिबन कापायची आणि कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायची. त्यानंतर रंग. साध्या हेमॅटॉक्सिलिन-इओसिननं पेशी दिसतात, पण व्रण किती आहे हे बघायचं तर मॅसनचा ट्रायक्रोम हवा. त्यात व्रणाचं कोलॅजन निळं उठतं आणि पेशी लाल. चांगल्या यकृतात निळं फक्त रक्तवाहिन्यांच्या कडेनं, चिमूटभर. बिघडत चाललेल्या यकृतात निळ्या पट्ट्या एका वाहिनीपासून दुसरीपर्यंत पोचतात, आणि पट्ट्यांनी वेढलेली गोल बेटं तयार झाली की ती अवस्था सिऱ्हॉसिसची. दादाचा तुकडा मीच रंगवला. स्लाइड वाचणं डॉक्टरांचं काम, पण एवढ्या वर्षांत निळं ओळखायला मला कुणाची गरज नव्हती. अहवालात व्रणाच्या इशाक मापावर पाच आलं, सहापैकी पाच. एका डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, लिव्हर गेलं, आहे तेवढे दिवस सांभाळा.

ते क्रूरपणे बोलले नाहीत. त्यांच्या पुस्तकात तेच होतं, माझ्याही डिप्लोमाच्या पुस्तकात तेच होतं. १८१९ साली लाएनेकनं पॅरिसमध्ये या रोगाला नाव दिलं तेव्हापासून सिऱ्हॉसिस म्हणजे परतीची वाट नसलेलं ठिकाण असंच शिकवलं गेलं. यकृताच्या पेशी पुन्हा वाढतात हे माहीत होतं, १९३१ सालीच उंदराचं दोन-तृतीयांश यकृत कापून ते भरून आलेलं दाखवलं होतं. पण व्रण? तो पडला की पडला. १९७९ साली मेक्सिकोच्या रुय पेरेझ तामायो यांनी सिऱ्हॉसिस उलटू शकतो का, असा उघड प्रश्न एका लेखात विचारला. फार थोड्यांनी ऐकलं, कारण दाखवायला रोगी हवेत आणि रोग थांबवणारं औषधच नव्हतं. कारण चालूच असेल तर व्रण कमी होताना दिसणार कुठून?

औषधं एकेक करून आली. इंटरफेरॉनची इंजेक्शनं ताप आणि अंगदुखीनं माणसाला मोडून टाकायची आणि थोड्यांनाच लागू पडायची. १९९८ च्या सुमारास लॅमिवुडिन आली. रोज एक साधी गोळी. त्यानंतरच यकृताचे जुने आणि नवे तुकडे शेजारी ठेवून बघता येऊ लागले. २००० साली टोरांटोच्या इयन वानलेस या पॅथॉलॉजिस्टनं एक निबंध लिहिला. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलमुळं हे आडनाव आमच्या भागात घरोघरी. ज्यांच्या नावाचं ते हॉस्पिटल, ते सर विल्यम वानलेसही कॅनडाचेच. तर या इयन वानलेसनं 'बी' च्या एका रोग्याचे उपचाराआधीचे आणि नंतरचे तुकडे पाहिले, प्रत्यारोपणात काढलेली यकृतं पाहिली आणि विरघळत चाललेल्या व्रणाच्या आठ खुणा नोंदल्या. जाड पट्टी आधी पातळ होते, मग तिला भोकं पडतात, मग ती मधेच तुटते आणि नुसते काटे उरतात, पेशी त्या जागेत शिरतात. आमच्या डॉक्टरांनी तो निबंध टेबलावर ठेवला आणि कपाटातल्या जुन्या स्लाइड काढायला सांगितल्या. अशा तुटक्या पट्ट्या आमच्याकडंही होत्या. तोवर आम्ही त्यांकडं वाढत्या रोगाची सुरुवात म्हणून पाहत होतो.

दादाला लॅमिवुडिन चालू झाली आणि वर्षात यकृताचा दाह सांगणारं एसजीपीटी खाली आलं. चौथ्या वर्षी पुन्हा चढलं. विषाणूनं गोळीला चकवलं होतं. पाच वर्षांत दहांतल्या सातांचं असं होतं. मग टेनोफोविर. प्रागच्या अँटोनिन होली यांनी घडवलेला रेणू. एचआयव्हीसाठी तो आपल्याकडं आधीपासून बनत होता. २००९ साली भारताच्या पेटंट कार्यालयानं त्यावरचं पेटंट नाकारलं. मुंबईच्या सिप्लानं त्याला हरकत घेतली होती. त्या निर्णयामुळं गोळी मध्यमवर्गीय घराला परवडत राहिली. घरखर्चाच्या वहीत लिहिलेली औषधाची किंमत मी अजून पाहू शकते.

गोळी चालू असताना आत काय घडतं ते आता बरंच उलगडलं आहे. विषाणूची नक्कल थांबते, तशी त्याच्यावर तुटून पडणारी शरीराची फौज माघारी जाते. सूज ओसरते. व्रण विणणाऱ्या पेशी एरवी यकृतात 'अ' जीवनसत्त्वाचा साठा सांभाळत स्वस्थ असतात. दाहानं चेतवल्यावर त्या कोलॅजन काढू लागतात. दाह थांबला की त्यांतल्या काही मरतात, काही पुन्हा स्वस्थ होतात. यकृतातल्याच भक्षक पेशी कोलॅजन कापणारी विकरं सोडतात आणि पट्टी झिजू लागते. याला महिने नाही, वर्षं लागतात. २०१३ साली 'लॅन्सेट' मध्ये आलेला अभ्यास या बाबतीत निर्णायक ठरला. टेनोफोविर पाच वर्षं घेतलेल्या ३४८ रोग्यांची सुरुवातीची आणि शेवटची बायोप्सी ताडून पाहिली होती. सुरुवातीला सिऱ्हॉसिस असलेले ९६ जण होते, त्यांपैकी ७१ जणांत पाच वर्षांनी तो उरला नव्हता. पुस्तकातलं वाक्य बदलायला एवढे आकडे पुरेसे होते.

२०१४ साली दादाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जननी विचारून यकृताचा एक तुकडा घेतला. तो मी त्याच ट्रायक्रोमनं रंगवला आणि दहा वर्षांपूर्वीची स्लाइड शेजारी ठेवली. निळं कमी होतं. गोल बेटं नव्हती. पट्ट्या तुटल्या होत्या, काही ठिकाणी नुसते निळे धागे लाल पेशींत हरवत होते. अहवाल आला इशाक तीन. मी डॉक्टरांना पुन्हा एकदा पाहायला लावलं, त्यांनी न कुरकुरता पाहिलं. आत्ती तेव्हा नव्वदीच्या पुढं होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे आतली माळ उतरली म्हण की." मी हो म्हटलं.

रक्तातूनच येणारा 'सी' चा विषाणू तर अंगातून पुरता घालवता येतो, कारण तो पेशीच्या केंद्रकात आपलं बस्तान ठेवत नाही. १९८९ साली तो सापडला, पुढं आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली. २०१३ साली अमेरिकेत सोफॉस्बुविरची एक गोळी हजार डॉलरला विकली गेली. २०१५ पासून भारतीय कंपन्या ती त्याच्या कितीतरी खालच्या किमतीत बनवू लागल्या. बहुतेकांचा बारा आठवड्यांत निकाल लागतो. 'बी' चं तसं नाही. त्याच्या डीएनएचं एक गोल कडं केंद्रकात बसून राहतं, गोळी त्याला हात लावत नाही, म्हणून ती मनानं बंद करायची नसते. बंद केली आणि विषाणू उसळला तर भरत आलेलं यकृत काही आठवड्यांत कोसळू शकतं. माझ्या काउंटरवर अशी माणसं आली आहेत. रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला गोळी, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. पिवळं दिसत नाही म्हणजे कावीळ नाही, या जुन्या समजाचाच तो पुढचा हप्ता.

२८ जुलै २०१८ ला, म्हणजे ब्लूमबर्ग यांच्या जन्मतारखेला, काविळीच्या विषाणूंविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 'बी' व 'सी' ची तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागल्या. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायची लस २०११ पर्यंत देशभर पोचली. दादाच्या दोन्ही मुलांना मात्र ती मोठेपणी, तपासून दिली. दोघेही निगेटिव्ह होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२२ साली भारतात २ कोटी ९८ लाख माणसांच्या अंगात 'बी' होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते माहीतच नव्हतं.

यकृत सगळंच भरून येतं असं मात्र मी कुणाला सांगत नाही. कोवळा व्रण विरघळतो. जुना, जाड, इलॅस्टिन भरलेला आणि तंतूंना तंतू घट्ट बांधलेला व्रण विकरांना दाद देत नाही. व्रणाच्या काळात रक्तानं शोधलेल्या आडवाटा पुष्कळदा तशाच राहतात. पोटात पाणी होऊन गेलेल्या माणसांतही काहीजण गोळीवर सावरतात, पण सगळे नाही. यकृताचा ताठपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा पहिल्या वर्षातच झपकन उतरतो तेव्हा घरची मंडळी पेढे वाटतात. त्यातला मोठा भाग सूज उतरल्याचा असतो, व्रणाला अजून वेळ लागायचा असतो. आणि कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही, कारण काही पेशींच्या डीएनएत विषाणूनं आपला तुकडा कायमचा खोवून ठेवलेला असतो. म्हणून ज्याला एकदा सिऱ्हॉसिस झाला त्याची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी लागते, निळं कितीही कमी झालं तरी. सिऱ्हॉसिसच्या इतक्या जवळ जाऊन आलेल्या दादालाही डॉक्टरांनी तोच नेम घालून दिला आहे. तो आता पासष्टीचा आहे, गोळी रात्री जेवणानंतर घेतो, आणि सोनोग्राफीची तारीख वहिनी कालनिर्णयवर चतुर्थ्या-एकादश्यांच्या शेजारी लिहून ठेवते. यंदाची दुसरी गौरी-गणपती उरकल्यावरच्या सोमवारी आहे.